दोघांचे हात टेकेपर्यंत

श्वास घ्या, हे म्हणून झालं होतं. धरा, हेही म्हणून झालं होतं. काचेपलीकडे सत्तरीच्या एक बाई यंत्राच्या पाटीला छाती टेकवून, हनुवटी वर, खांदे पुढे, त्याने सांगितलं तशा उभ्या होत्या आणि श्वास धरून होत्या. बटण दाबून झालं, पडद्यावर फुप्फुसं उमटली, चित्र स्वच्छ आलं होतं, आणि आता फक्त पुढचा शब्द म्हणायचा राहिला होता. सव्वीस वर्षं हा माणूस एक्स-रे काढत होता. दिवसाला साठ-सत्तर वेळा हे तीन शब्द त्याच्या तोंडून निघत. झोपेतसुद्धा निघतात असं त्याची बायको सांगे. आणि त्या मंगळवारी सकाळी सव्वाअकराला तिसरा शब्द काही केल्या येईना. तो माईकच्या बटणावर बोट ठेवून उभा. बाईंनी काय करायला हवं हे त्याला लख्ख ठाऊक होतं, ते सांगणारा आवाज तेवढा जागेवर नव्हता. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. बाई आज्ञाधारक होत्या, शाळेत शिक्षकांच्या लाडक्या असणार अशा. त्यांचे कान लाल झाले, मान थरथरली, आणि शेवटी त्यांनी स्वतःच्याच जबाबदारीवर भस्सकन श्वास टाकला. मागे वळून काचेकडे बघत म्हणाल्या, "झालं का हो? मला वाटलं, जेवायला गेलात." तो धावत आत गेला, त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, यंत्र अडकलं होतं असं धडधडीत खोटं सांगितलं. त्यांनी ते खरं मानलं, वर यंत्रांचं असंच असतं म्हणून त्याचीच समजूत घातली. त्यांनी ओरडायला हवं होतं, तक्रार करायला हवी होती. त्या फक्त हसल्या, आणि तेवढ्यासाठी तो जन्मभर त्यांचे उपकार मानणार होता.

शब्द पुढच्या रुग्णाच्या वेळी आला, काही घडलंच नाही अशा थाटात. सोडा. पण तोवर त्याच्या मनात भीती बसली होती. दुसऱ्या कुणाला अशा वेळी वाटलं असतं, झोप कमी झाली, वय झालं, चहा राहिला. त्याला आठवला तो दादा. दादा त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा, बसस्थानकावर घोषणा देणारा. एकतीस वर्षं गावोगावच्या गाड्या दादाच्या आवाजावर सुटल्या. घरीसुद्धा दादा असाच बोलायचा, एकेक अक्षर धुऊन वाळत घातल्यासारखं. आणि दोन वर्षांपूर्वी त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली, उजवा हात लुळा पडला आणि शब्दांचं सगळं गाठोडं एका दिवसात गेलं. समजत सगळं होतं. डोळ्यांत पूर्ण वाक्य तयार दिसायचं. सुरुवातीला बाहेर यायचं ते हो, नाही, अरे, आणि एक शिवी. शिवी मात्र खणखणीत, पूर्वीच्याच आवाजात यायची. वहिनी आधी शरमेने लाल व्हायची, मग पुढे पुढे तिला तेवढ्याचाही आधार वाटायला लागला. निदान आवाज तरी तोच आहे, म्हणायची.

पण ती भीती बसली त्याचं खरं कारण याहून वेगळं होतं, आणि ते या जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक तो, आणि दुसरा बोलू न शकणारा दादा. त्या दिवशी सकाळी साडेसहाला दादाचा फोन आला होता. तो एका हाताने बुटाची नाडी बांधत होता, ड्यूटीला उशीर झाला होता. दादा म्हणाला, अरे, उजव्या हातातून कप निसटतोय, बोटं माझी नाहीत असं वाटतंय. आणि इस्पितळात नोकरी करणारा, रोज दहा डॉक्टरांमध्ये वावरणारा हा शहाणा त्याला म्हणाला होता, "हातावर झोपला असशील. चोळ जरा, गरम पाण्यात धर. दुपारी बोलू." दुपारी वहिनीचाच फोन आला. गुठळीवरचं औषध पहिल्या काही तासांतच देता येतं, हे त्याला तोंडपाठ होतं. ते वाक्य लिहिलेला फलक त्याच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर होता आणि तो रोज त्याच्यासमोरून जायचा. सकाळच्या फोनचं त्याने कुणालाही सांगितलं नाही. बायकोला नाही, वहिनीला तर नाहीच. दादाला तरी सांगायला हवं होतं, निदान माफ कर एवढं म्हणायला हवं होतं. दोन वर्षं तो दर रविवारी ते म्हणायचं ठरवून जात होता आणि न म्हणता परत येत होता.

मंगळवारची गोष्ट त्याने विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाईंना सांगितली, सहज म्हणून. त्यांनी सहज म्हणून घेतली नाही. तासाभरात त्याच्याच ओळखीच्या मुलीने त्याच्याच मेंदूचा फोटो काढला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो त्या नळीत आडवा पडून दुसऱ्या कुणाची तरी आज्ञा पाळत होता. मग अहवाल येईपर्यंत बाहेर बसायचं. ही बसायची जागाही त्याने कधी बसून पाहिली नव्हती. समोरच्या भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही, आणि त्यावर कमरेला जाड पट्टा गुंडाळलेले दोन अवाढव्य पुरुष. ते मातीच्या गोल चौथऱ्यावर आले, चिमूटभर कसली, मूठभर मीठ उधळलं, समोरासमोर उकिडवे बसले, एकमेकांकडे रोखून पाहिलं. आणि आता भिडणार असं वाटत असताना उठून आपापल्या कोपऱ्यात निघून गेले. पुन्हा मीठ. पुन्हा बसणं. पुन्हा उठणं. याला आधी हसू आलं, हे काय, भांडायला आलेत की मुहूर्त शोधायला? मग त्याच्या लक्षात आलं की शिट्टी नाही, घंटा नाही, भरजरी कपड्यांतला पंच नुसता शेजारी उभा आहे. शेवटी दोघांनी मुठी जमिनीला टेकवल्या आणि धाडकन एकमेकांवर आदळले. सहा सेकंदांत संपलं. हरलेला वर आला, वाकला आणि गेला. चार मिनिटं काही न घडणं आणि मग सहा सेकंद. त्या चार मिनिटांत याला आपल्या डोक्यात असेल-नसेल त्या गुठळीची आठवण झाली नव्हती. अहवाल आला तेव्हा तो पाचवी जोडी बघत होता. मेंदू निर्मळ होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दमला आहात, चार दिवस घरी बसा. त्याला वाटलं आपण यांच्या पाया पडावं, आणि तेवढ्यात असंही वाटलं की सहाव्या जोडीचं काय झालं ते बघून जावं.

चार दिवसांत त्याने त्या जपानी कुस्तीबद्दल, सूमोबद्दल, जेवढं पाहता येईल तेवढं पाहिलं. लोक पन्नाशीनंतर गुडघ्यांचं तेल शोधतात, याने हे शोधलं, असं बायकोने लेकीला फोनवर सांगितलं. लेक म्हणाली, बाबांना बरं वाटतंय ना, मग बघू दे की. दर दोन महिन्यांनी पंधरा दिवस स्पर्धा, रविवारी सुरू होऊन रविवारी संपणारी, पैलवानाने रोज एकच कुस्ती खेळायची. पंधरातल्या आठ जिंकल्या की स्पर्धा वाया गेली नाही असं समजायचं. हे गणित त्याला फार मायाळू वाटलं. आणि एकदा पंच लढतीभर जे एकच ओरडत राहतो ते काय ओरडतो, असा त्याला प्रश्न पडला. नोकोत्ता, नोकोत्ता. त्याने शोधून काढलं. उरलाय, अजून आत आहे, असा त्याचा अर्थ. म्हणजे दोघंही अजून रिंगणात आहेत, कुणीही बाहेर गेलेलं नाही, चालू द्या. पंच हे ओरडत असतो हे कळल्यावर तो उठून बाल्कनीत गेला आणि उगाचच कुंडीतली माती उकरत बसला.

जपानी शिकायला सुरुवात झाली ती अशी, एका शब्दापासून. घाई कसलीच नव्हती. त्याला जपानला जायचं नव्हतं, परीक्षा द्यायची नव्हती. आठवड्याला तीन अक्षरं, एवढाच नेम. एक्स-रे खोलीमागच्या अडगळीत फिल्म बघायचा जुना दिव्याचा डबा पडून होता. आता सगळं संगणकावर दिसत असल्यामुळे त्याला कुणी विचारत नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत तो डबा लावायचा, त्यावर छापील अक्षराचा कागद, वर कोरा कागद, आणि खालच्या उजेडात ते अक्षर हळूहळू गिरवायचं. साफसफाई करणाऱ्या मावशी दारातून बघून म्हणाल्या, कुणाचं हाड मोडलंय हे? त्याने सांगितलं, हे अक्षर आहे. त्यांनी जरा निरखून पाहिलं आणि मोडल्यासारखंच दिसतंय म्हणाल्या. नोंदणीच्या खिडकीवरच्या पोरीने विचारलं, याचा उपयोग काय? त्याला उत्तर सुचलं नाही, आणि उत्तर सुचलं नाही याचा त्याला आनंद झाला. इतकी वर्षं त्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीचा उपयोग दुसऱ्याच मिनिटाला कागदावर लिहून दाखवता येत होता. चपट्या वस्तू मोजायला एक शब्द, लांबुळक्या मोजायला दुसरा, हे वाचून त्याने एका दुपारी एक्स-रेच्या सगळ्या कॅसेट चपट्यांच्या हिशोबाने मोजल्या आणि सलाइनचे स्टँड लांबुळक्यांच्या. चुकला असणार, पण तपासणारं कुणी नव्हतं. शब्द विसरण्याची भीती कुठे तरी मागे सरकली होती. इथे जो शब्द आठवत नाही तो मुळातच त्याचा नव्हता. आठवला तर नफा.

रविवार मात्र होता तसाच होता. दादाकडे जायचं म्हणजे बसस्थानकावर जायचं, आणि बसस्थानकावर अजून दादाच बोलत होता. निवृत्तीच्या आधी त्याच्याकडून सगळ्या गावांची नावं, सगळे फलाट, सगळे आकडे सुटे सुटे बोलवून घेऊन साठवून ठेवले होते, आणि आता यंत्र ते जोडून वाजवायचं. फलाट क्रमांक चार. गाडी सुटण्यास तयार आहे. इतका धडधाकट, इतका निश्चिंत आवाज. तो खाली मान घालून तो आवाज ऐकायचा, गाडीत बसायचा, चाळीस मिनिटांनी उतरायचा, दोन जिने चढायचा आणि त्याच आवाजाच्या मालकासमोर खुर्ची ओढून बसायचा. दादा खिडकीपाशी आरामखुर्चीत, उजवा हात मांडीवर उशी घेऊन त्यावर ठेवलेला. मग दादा काहीतरी सुरू करायचा. "त्या... त्या..." की लगेच हा म्हणायचा, त्या गोळ्या? संपल्या का? आणतो मी. दादा मान हलवायचा. "त्या दि..." त्या दिवशी दाढी करायला न्हावी आला नाही ना, वहिनी म्हणाली मला. दादाच्या कपाळावर घाम यायचा, डावा हात खुर्चीच्या हातावर आपटायचा, शिवी यायची आणि तो खिडकीबाहेर बघायला लागायचा. वाचा सुधारणाऱ्या ताई येऊन चित्रं दाखवायच्या, कप, छत्री, किल्ली. वहिनी म्हणायची, अहो म्हणा ना, छ, छ. एकतीस वर्षं ज्याने गावंच्या गावं उच्चारली त्याला छत्री म्हणता येत नाही हे बघवायचं नाही, म्हणून हा छत्री म्हणून मोकळा व्हायचा. त्याला वाटायचं, आपण दादाचं ओझं हलकं करतोय. खरं म्हणजे त्याला दादाच्या गप्प राहण्याची भीती वाटायची. त्या शांततेत आपलं गुपित ऐकू येईल असं वाटायचं.

सूमो त्याने दादाकडे नेलं ते अगदीच बोलायला काही नव्हतं म्हणून. स्पर्धेचा मधला रविवार होता, दादाकडच्या मोठ्या टीव्हीवर थेट दाखवता येत होतं. वहिनी कपडे घडी करता करता बघायला लागली आणि आपल्या चादरीत यातला एकही मावायचा नाही म्हणाली. नावं लांबलचक, तिघांच्याही जिभेवर बसेनात, म्हणून वहिनीनेच टोपणनावं ठेवली. एकाला ढगे, एकाला मास्तर. आणि अडतिशीतला, दोन्ही गुडघ्यांना पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेला, पडला की उठायला वेळ लागणारा एक होता, त्याचं नाव गुडघेराव. दादा गुडघेरावाचा झाला तो पहिल्याच दिवशी. पूर्वी मोठ्या जागेवर होता, दुखापतीने घसरत घसरत तळाला गेला, आणि आता पुन्हा एकेक पायरी वर येतोय, हे धाकट्याने कुठेतरी वाचलेलं सांगितलं. आणि त्या दिवशी पहिल्यांदा, गुडघेराव रिंगणाच्या काठावर एका पायाच्या बोटांवर तोल सावरत असताना, पंचाबरोबर दादाच्या तोंडून आलं, "नोकोत्ता." स्वच्छ. तीन अक्षरं, एकही न गळता. वहिनीच्या हातातली उशीची खोळ तशीच राहिली. कुणी काही म्हणालं नाही. म्हटलं असतं तर ते पळून गेलं असतं असं तिघांनाही एकदम वाटलं असावं.

पुढे कितीतरी रविवार ते दोघं एकाच वहीत शिकत राहिले. दादा डाव्या हाताने गिरवायचा, वाकडंतिकडं. पण धाकट्याचंही फार सरळ नव्हतं. इथे दादाची पूर्वीची उंची कुणाला माहीत नव्हती. मराठीत तो डोंगरावरून पडला होता. जपानीत दोघंही पायथ्याशी उभे होते, आणि पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला कुणी पडला असं म्हणत नाही. एका धड्यात धाकट्याला एक गंमत सापडली. ती माणसं बोलताना शब्द आठवेना की आनो म्हणतात. आनो, आणि मग थांबायचं. म्हणजे माझं बोलणं संपलेलं नाही, जागा माझी आहे. समोरच्यानेही थांबायचं असतं. हे वाचून दाखवल्यावर दादाने वही हातातून ओढून घेतली आणि त्या शब्दाचं चित्र बोटाने दोन-तीनदा गिरवलं. मग तो दर वाक्याआधी आनो म्हणायला लागला. आनो, आणि लांबलचक काही नाही, आणि मग पाणी. आनो, आणि मग वारा येतोय, बंद कर. वाचेच्या ताई चकित झाल्या, हे कुणी शिकवलं म्हणाल्या. वहिनी म्हणाली, पैलवानांनी.

आणि तरीही तो मधे तोंड घालायचाच. सवय लागली होती. एका दुपारी दादा म्हणाला, "आनो... त्या... त्या दि..." आणि हा म्हणाला, त्या दिवशीची कुस्ती पुन्हा बघायची का? दादाने डाव्या हाताची थाप त्याच्या दंडावर मारली. जोरात मारली, लागलं. आणि म्हणाला, "मात्ता." म्हणजे एकाने मुठी टेकवण्याआधी दुसऱ्याने घेतलेली उडी. पंच दोघांना परत पाठवतो, पुन्हा बसा म्हणतो. हा दंड चोळत दादाकडे बघत राहिला. दोन वर्षांत दादा त्याच्यावर रागावला नव्हता. नुसता खिडकीबाहेर बघत होता. आज त्याने लहानपणी मारायचा तशी चापट मारली होती, थोरल्या भावाच्या हक्काने, आणि चूक अगदी नेमकी दाखवली होती. याला त्या चापटीचा इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तो पाणी प्यायला उठला. स्वयंपाकघरात पेला धुताना त्याला सगळे रविवार आठवले. प्रत्येक रविवारी दादा खाली बसला होता, मुठी टेकवायला आला होता, आणि प्रत्येक वेळी याने आधीच उडी मारली होती. त्या दि. दादाला त्या दिवसाबद्दलच बोलायचं होतं. याला ते कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच तो गोळ्या आणि न्हावी आणि छत्री मधे आणून टाकत होता.

त्या दिवशीही सांगितलं नाहीच. पुढचा रविवार स्पर्धेचा शेवटचा होता, आणि गुडघेरावाचं सात-सात झालं होतं. सात जिंकल्या, सात हरल्या. पंधरावी जिंकली तर वरच्या वर्गात टिकला, नाहीतर पुन्हा खाली, आणि या वयात खाली म्हणजे कदाचित घरीच. आठवडाभर तो एक्स-रे खोलीत लोकांना श्वास धरायला लावत होता आणि मनात वाक्य जुळवत होता. माफ कर म्हणायचं की चुकलो म्हणायचं. वहिनी समोर असताना की नसताना. त्याने ठरवलं, असताना. तिचीही दोन वर्षं गेली आहेत. तिने हाकलून दिलं तर ते योग्यच. मग रविवार गेले. दादाची चापट, वही, गुडघेराव, सगळं गेलं. हा विचार त्याला इतका लागला की शनिवारी त्याने दुपारचं जेवण टाकलं. आत्ताच तर मिळालं होतं हे सगळं.

रविवारी दादा आधीपासून टीव्ही लावून बसला होता. वहिनी इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. गुडघेरावाची पाळी यायला वेळ होता, खालच्या जोड्या चालल्या होत्या. तो खुर्ची ओढून बसला, दादाच्या उजव्या बाजूला, लुळ्या हाताशी, आणि टीव्हीकडेच बघत म्हणाला, "दादा, त्या दिवशी सकाळी तू मला फोन केला होतास. हातातून कप पडतोय म्हणालास. मी झोपला असशील हातावर म्हणालो. मला कळायला हवं होतं. माझ्यामुळे तुझे ते तास गेले. मी हे वहिनीलाही सांगितलं नाही, आज सांगतोय." इस्त्रीचा आवाज थांबला. त्याने तिकडे पाहिलं नाही.

दादाने डावा हात खुर्चीच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "आनो."

आणि धाकटा थांबला. आयुष्यात तो कधी इतका थांबला नव्हता. दादाच्या गालाचा स्नायू ओढला जात होता, ओठ काहीतरी धरायला जात होते आणि ते निसटत होतं. धाकट्याच्या जिभेवर दहा शब्द तयार होते. त्याने ते सगळे गिळले. मला शिव्या द्यायच्या असतील. मला जा म्हणायचं असेल. म्हणू दे. टीव्हीवर कुणी तरी आदळलं, लोक ओरडले. "आदल्या," दादा म्हणाला. थांबला. "आदल्या दिवशी. दुपारी." पुन्हा बराच वेळ. "माईक... पडला. हातातून." दादा निवृत्त झाला होता, पण नवीन पोरांना शिकवायला आठवड्यातून दोनदा जायचा; त्याच वेळचं असणार. धाकट्याने विचारलं नाही. "कुणाला... नाही सांगितलं. ही म्हणाली... डॉक्टर." त्याने डाव्या अंगठ्याने इस्त्रीच्या टेबलाकडे दाखवलं. "मी... ओरडलो. हिला. काही नाही म्हणालो." घाम गळ्यापर्यंत आला होता. धाकटा पुसायला उठला नाही. "सकाळी... भीती वाटली. आनो." आता इतका वेळ गेला की दोन जोड्या येऊन गेल्या असतील. "डॉक्टरला... नाही केला फोन. तुला केला. तू... काही नाही... म्हणशील म्हणून. तेच... हवं होतं." आणि मग शेवटचं, एका दमात, जुन्या आवाजाच्या जरा जवळचं: "दोन वर्षं सांगतोय. ऐकतोस कुठे."

त्याने आपलं कपाळ दादाच्या मांडीवरच्या उशीवर, त्या न हलणाऱ्या हाताशेजारी टेकवलं आणि तो रडला. दादाची चूक होती म्हणून सुटल्यासारखं वाटलं असं नव्हतं. फलक त्याच्या भिंतीवर होता, आणि तो होताच. पण दोन वर्षं तो एकटा बसला होता असं त्याला वाटलं होतं, आणि समोर दादाही तसाच बसला होता, त्याच ओझ्याचं दुसरं टोक धरून, सोडवायची वाट बघत. भीती वाटल्यावर दादाने कुणाचा नंबर लावला, तर याचा. त्याला कुणाचे आभार मानायचे ते कळेना. दादाचे, त्या श्वास धरून उभ्या राहिलेल्या बाईंचे, कुठल्या तरी देशातल्या त्या जाड्याजाड्या माणसांचे, की दादाने दंडावर मारलेल्या त्या चापटीचे. दादा डाव्या हाताने त्याचे केस विस्कटत होता, आणि मधे एकदा ती शिवीही दिली, पण फार हळू.

बऱ्याच वेळाने त्याने डोकं वर केलं. पडद्यावर बक्षीस समारंभ चालला होता, कुणी तरी भला मोठा चषक उचलत होतं. गुडघेरावाची कुस्ती कधीच होऊन गेली होती. दादानेही आत्ताच तिकडे पाहिलं असावं, कारण त्याने दचकून भावाकडे बघितलं. धाकट्याने नाक पुसलं आणि वहिनीकडे वळला. ती इस्त्री खाली न ठेवता हातात धरूनच उभी होती. तिचं काय होणार ते अजून त्याला माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमतही नव्हती, म्हणून त्याने तेच विचारलं जे विचारता येत होतं. गुडघेराव जिंकला का?

वहिनीने इस्त्री खाली ठेवली, पदराने दादाच्या गळ्यावरचा घाम पुसला, आणि तोच पदर उलटा करून धाकट्याच्या तोंडावरून फिरवला.

"कोणास ठाऊक, भावजी," ती म्हणाली. "मी तुम्हा दोघांकडे बघत होते."